सोनकवठ्याच्या खांबाचा ताण

१

शिवकांता मेली ती भर दुपारी, माणसांनी भरलेल्या गल्लीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि सोनकवठ्यात एकानंही काही पाहिलं नव्हतं! इतकं आंधळं गाव रेणुकादास माहूरकरांनी सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं, आणि गावं त्यांनी काही थोडीथोडकी पाहिली नव्हती.

लातूरचा नवा जिल्हा होऊन वर्षही उलटलं नव्हतं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग तेवढा ओला, बाकी सगळा मुलूख कोरडा ठणठणीत. पावसानं असा दगा दिला होता की अहमदपूर सोडल्यापासून जीपला धुळीखेरीज सोबत नव्हती. रेणुकादास विद्युत निरीक्षक. नांदेडहून त्यांना इथं आणून टाकलं होतं. विजेनं माणूस मेलं की ते कुणाच्या चुकीनं मेलं हे शोधायचं, हे त्यांचं काम. नावं ठेवण्यासारखं काम नव्हे. पण ते करून माणसांविषयी चांगलं मत टिकत नाही, हेही खरं.

फौजदार वट्टमवार खांबाखाली वाट पाहत उभे होते.

"साहेब, बाया म्हणतात ऊन लागलं. अहमदपूरचा डॉक्टर म्हणतो करंट. तळहात करपलाय पोरीचा. लाइनमन मलप्पाला संध्याकाळी उचलतो. तुमचा शेरा पडला की काम खल्लास."

"इतकी घाई?"

"वरून फोन यायलेत. कुणीतरी आत पाहिजे."

कुणीतरी! रेणुकादास खांबाकडे वळले. ते ताण बघू लागले. खांब एका बाजूला ओढला जाऊ नये म्हणून त्याच्या डोक्यापासून जमिनीपर्यंत तिरपी जाड तार बांधतात, तिला ताण म्हणतात. तिच्या मधोमध, माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, चिनी मातीचा एक गोळा असतो. वरच्या अर्ध्या तारेत कधी करंट उतरलाच तर तो खालच्या अर्ध्यात येऊ नये म्हणून तो गोळा. या ताणाची खालची तार धरूनच शिवकांता मेली होती.

त्यांनी टेस्टर काढला, खालच्या तारेला लावला. काही नाही. मग तो लांब बांबूला बांधला, त्याच्या मागच्या टोकाची तार जमिनीत खोचली आणि तो गोळ्याच्या वर टेकवला. दिवा लागला.

फौजदार मागं सरले. "आयला! अजून चालू हाय?"

"वर चालू आहे. खाली नाही. गोळा धडधाकट आहे, आपलं काम चोख करतोय." रेणुकादासांनी बांबू खाली घेतला. "म्हणजे मरण गोळ्याच्या वर होतं, आणि बाई मेली गोळ्याच्या खाली. मरण खाली आलं कसं?"

२

मलप्पाला चावडीत बसवून ठेवलं होतं. तिशीतला माणूस, गळ्यात लिंगायतांचं लिंग, डोळे खाली.

"वरचा करंट कुठून येतो रे?"

"खांबाच्या डोक्यावर लाइनीची तार ज्याच्यावर बसते, त्यो पांढरा गट्टू तडकलाय, साहेब. तिथनं आडव्या लोखंडात उतरतोय, तिथनं ताणात. सिमेंटचा खांब हाय म्हणून खांबाला न्हाई येत. कचेरीत सांगून सांगून थकलो. सामान न्हाई म्हणतेत."

सामान नाही. खुर्च्यांना गाद्या आल्या होत्या, त्या मात्र आल्या होत्या.

"मग तू सुटलास की. गोळा जागेवर आहे."

"न्हाई साहेब. गोळा आधी नव्हता. ती मेल्यावर म्या बसवला. माझीच चूक हाय, असंच लिवा."

फौजदारांनी विजयानं मान हलवली. रेणुकादास मात्र मलप्पाकडे बघत राहिले. सुटायची वाट दाखवली तर हा शहाणा स्वतःच्या हातानं कडी लावून घेत होता!

"मलप्पा, त्या गोळ्यावर पाखरांची घाण वाळून दगड झालीय. त्याच्या खाचेत कोळ्यानं घर केलंय. परवा बसवलेला गोळा असा असतो का?"

मलप्पानं तोंड फिरवलं.

"बायको कुठाय तुझी?"

"पाण्याला गेली."

"कुणाच्या विहिरीवर?"

"एकच विहीर जित्ती हाय गावात. हणमंत मास्तरची." एवढं बोलून तो एकदम घाबरल्यासारखा झाला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, पाया पडतो. बायकोला दिस भरलेत माझ्या. मला आत टाका, पण तिचं पाणी तोडू नका."

३

चन्नबसप्पाची पिठाची गिरणी खांबाला लागूनच होती. फौजदारांनी वाटेतच कानात सांगितलं, "हा आकडा टाकून लाइट चोरतो. सगळ्यांना ठाऊक हाय. ह्याच्या आकड्यानं तर करंट उतरला नसंल?"

रेणुकादासांनाही आधी तेच वाटलं होतं. पण गिरणीत पाऊल ठेवलं आणि ती शंका तिथंच विरली. पट्ट्यावर जाळी, जात्याच्या तोंडावर जाळी, तराजूच्या पारड्यात उंदराच्या लेंड्या. दळायला दाणाच नव्हता कुणाकडे. गिरणी कित्येक दिवसांत फिरली नव्हती. बंद गिरणीला आकडा लागत नाही.

चन्नबसप्पा पोटावर हात फिरवत गोणपाटावर बसला होता. "बसा जी. आमचा गुन्हा काय? त्या दिवशी आरडाओरडा झाला तवा म्याच पळत जाऊन डीपीची दांडी ओढली. सगळ्या गावची लाइट बंद केली. त्याचं काही बक्षीस?"

"डीपीची दांडी ओढलीत? ऊन लागलेल्या बाईसाठी?"

चन्नबसप्पाचा हात पोटावरच थांबला. "तसं न्हाई... म्हणजे, आपलं, खबरदारी."

"ती ताणापाशी उभी का होती?"

"त्यांच्या बायांना तिथंच उभं करतेत. आमच्या बाया आत, विहिरीच्या पायरीवर. त्यांच्या बाहेर, भिंतीपल्याड. मास्तरचा गडी वरून घागरीत ओततो. शिवाशीव नको. दस्तूर हाय." त्यानं हे इतक्या सहज सांगितलं की जणू गाडीला बैल जुंपतात हे सांगतोय.

रेणुकादास बाहेर आले. सगळ्या सोनकवठ्यात चिखल असलेली जागा तेवढीच होती. वरून ओतलेलं पाणी घागरीत कमी, भुईवर जास्त. अनवाणी पाय त्या चिखलात, हात तारेला. कोरड्या भुईवर कदाचित झटका बसून ती उडाली असती. चिखलानं तिला सोडलं नसेल.

पण करंट खाली आला कसा, हे तरीही उरलंच. त्यांनी डीपी बंद करायला लावली, खांबाला शिडी लावली आणि स्वतः चढले. गोळ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे, जुन्या गंजावर एक चकचकीत घासलेला वळसा होता. वळशामागून वळसा, गोळ्याला ओलांडून. इथं काहीतरी बांधलेलं होतं, आणि ते नुकतंच सोडून नेलं होतं.

त्यांनी तिथूनच समोर पाहिलं. त्याच उंचीवर हणमंत मास्तरच्या घराच्या भिंतीत एक रिकामी कडी होती. कडीवर सायकलच्या ट्यूबचा कापलेला काळा तुकडा, नवाकोरा.

"माहूरकर साहेब!" खालून कुणीतरी प्रेमळ आवाजात हाक मारली. "उन्हात किती वेळ? दोन घास खाऊन घ्या की."

हाक मारणारे खुद्द हणमंतराव मास्तर होते.

४

हणमंतराव बिलोलीकर. निवृत्त हेडमास्तर, शास्त्र शिकवायचे. पांढरीशुभ्र बंडी, कपाळाला गंध, बोलणं साखरेचं. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई सोवळ्यात होत्या. पानं मांडली होती, आणि तांब्याभोवती पाणी फिरवून जागा पुसलेली होती. गावातल्या पोरी घोटभर पाण्यासाठी कोस कोस हिंडत होत्या, आणि इथं फरशी पाण्यानं पुसत होते.

अंगणात आडव्या तारेवर सोवळ्याची धोतरं वाळत होती. खाली, डोक्याला लागतील अशी. बाजूला सोवळ्याची काठी उभी. सोवळं वाळत घालायचं ते काठीनं, काढायचं ते काठीनं. हात लावायचा नाही. रेणुकादासांच्या घरी आई अशीच काठी वापरायची.

"इतकी खाली बांधलीत तार?" त्यांनी सहज विचारलं.

"काय सांगू भाऊजी," चंद्रप्रभाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "बाहेर कशी उंच होती. येणाऱ्याजाणाऱ्याचा वाराही लागायचा नाही. आता इथं वाकून जावं लागतं, हो. सगळं विटाळतं."

"अगं, साहेबांना ताक दे," हणमंतराव घाईनं म्हणाले.

"ताक कुठलं! गाय पान्हा चोरायला लागली ना." बाई मोकळेपणानं बोलत होत्या, लपवायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. "ताणाला बांधायचो आम्ही तिला, सावली असायची. मागल्या बाजाराच्या दिवशी काय बिचकली कोण जाणे! थरथर कापत खालीच बसली, तोंडाला फेस. मग यांनी तिला बोरीखाली हलवली."

"आणि ताणापाशी त्या बाया उभ्या राहायला लागल्या," रेणुकादास म्हणाले. "कधीपासून?"

"बाजारापासूनच की. जागा मोकळी झाली ना."

रेणुकादासांचा घास हातातच राहिला. त्यांनी पान बाजूला सारलं, उठले, आणि तसेच खरकट्या हातानं अंगणात गेले.

"अहो! अहो भाऊजी, सोवळं आहे ते!"

त्यांनी तार धरली. धोतरं ओढून खाली टाकली. चंद्रप्रभाबाईंनी किंकाळी फोडली. शिवकांता मेली तेव्हा एवढी किंकाळी या घरातून आली नसावी. या घरात ही तार लपवायला याहून चांगली जागा नव्हती. फौजदार असो की पंच, सोवळ्याच्या तारेला हात लावायची कुणाची छाती?

तारेचं एक टोक पिळदार, गोल वळशांनी वाकलेलं होतं. आणि त्या वळशांवर काळा जळका डाग होता.

५

विहिरीपाशी गाव जमा झालं. आतल्या बाजूला गल्लीतल्या बाया, भिंतीपल्याड शिवकांताच्या वस्तीतली माणसं. त्यांत तिची सासू लक्ष्मीबाई, तोंडात पदराचा बोळा धरून. मलप्पाला फौजदारांनी आणून उभं केलं होतं, जीप तयार होती.

रेणुकादासांनी तार सगळ्यांसमोर धरली.

"ताण तिरपा असतो. त्याला तार बांधली की गाठ घसरत खाली येते. मास्तरांना तर तार उंच हवी होती, सोवळ्याला कुणाचा वारा लागू नये म्हणून. मग घसरू नये म्हणून त्यांनी ती गोळ्याच्या वर चार वेढे आणि खाली चार वेढे अशी गुंडाळली. जो गोळा मरण वर अडवून धरत होता, त्याला या तारेनं वळसा घातला. वरचा करंट खाली आला."

"मला काय ठाऊक?" हणमंतराव शांतपणे म्हणाले. "धोतरं वाळत होती. आम्हाला तर कधी झटका बसला नाही."

"बसणार कसा? तुमचं सगळं काम कोरड्या काठीनं! सोवळं तुम्हाला वाचवत होतं." रेणुकादासांचा आवाज चढला. "इथवर चूकच म्हटली असती मी. पण बाजाराच्या दिवशी तुमच्या गाईला करंट लागला. तुम्ही शास्त्र शिकवलंय जन्मभर, तुम्हाला कळलं. कळलं म्हणूनच आपल्या भिंतीच्या कडीला सायकलची ट्यूब कापून घातलीत, घरात करंट येऊ नये म्हणून. तार काढायला किती वेळ लागला असता? पण सोवळं कुठं वाळवायचं! तुम्ही गाय हलवलीत. आणि गाईच्या जागी बायका उभ्या केल्यात."

विहिरीवरचा रहाटसुद्धा थांबला.

हणमंतराव बंडीची बाही सारखी करत म्हणाले, "ट्यूब काय, कुणीही घातली असेल. तार काय, आजच दुकानातून आणलीय. कुणी पाहिलं असेल त्यानं सांगावं." त्यांनी नजर सगळ्यांवरून फिरवली. "विहीर माझ्या बापजाद्यांची आहे. उद्यापासून मी ती बंद ठेवू शकतो. सांगा, कुणी पाहिलं?"

कुणी वर बघेना. चन्नबसप्पा आपल्या अंगठ्याकडे बघत होता. गल्लीतल्या बाया घागरीत बघत होत्या. जणू तिथं बघण्यासारखं काही होतं!

"म्याच केलं साहेब," मलप्पा पुटपुटला. "चला फौजदार साहेब."

"गप रे!" रेणुकादास खेकसले. मग गावाकडे वळले. "ऐका. टंचाईत खाजगी विहीर सरकारला ताब्यात घेता येते. मी आत्ता अहमदपूरला तहसीलदारांकडे जातो. सकाळपर्यंत ही विहीर सगळ्या गावाची. पण साक्ष नसेल तर हा मलप्पा जाईल, आणि तार पुन्हा वर चढेल. बोला."

भिंतीपल्याडून आवाज आला. "साहेब, गाईला करंट लागला व्हता, हे खरं हाय?"

लक्ष्मीबाई होती. तोंडातला पदर काढलेला.

"खरं आहे, मावशी."

"गाय हलवली, अन् मग आमाला म्हणाले, तिकडं ताणापाशी थांबत जा." ती हळूहळू, शब्द मोजत बोलत होती. "म्या म्हणलं ऊन लागलं. सगळे म्हणाले तसं म्हणलं. पाणी तुटलं तर नातवंडं मरतेल म्हणून म्हणलं. पण म्या बघितलंय साहेब. माझी सून तिथं चिखलात पडलेली. चन्नबसप्पानं लाइट बंद केली, अन् मास्तर शिडी घेऊन आले. म्या म्हणलं, आता उचलतील. त्येनी वर चढून आधी तार सोडली. तार गुंडाळली. धोतरं उचलून आत नेली. अन् मग बाहेर येऊन म्हणाले, उचला हिला."

वट्टमवार फौजदार तसे निबर माणूस. त्यांनीसुद्धा टोपी काढून कपाळ पुसलं. मग मलप्पाचा दंड सोडला आणि हणमंतरावांचा धरला.

"मला शिवू नका!" हणमंतराव ओरडले. "सोवळ्यात आहे मी!"

६

तहसीलदार भला माणूस निघाला. सकाळी विहिरीच्या फाटकाचं कुलूप तोडलं, भिंतीला वाट पाडली. तडकलेला गट्टूही बदलला. सामान एका दिवसात आलं. माणूस मेल्यावर ते नेहमी येतं. रेणुकादास ताण तपासून निघायच्या तयारीत होते. लाज वाटावी इतकं साधं काम होतं ते गट्टू बदलणं.

मलप्पा रहाटावर होता. रात्री घरी झोपायला मिळाल्यानं त्याचा चेहरा उजळला होता. रेणुकादास दिसताच तो धावत आला, वाकून पाया पडला. "देवासारखे आलात साहेब. बायकोनं दंडवत सांगितलाय."

"माझ्या कसल्या पाया पडतोस? त्या लक्ष्मीबाईंच्या पड. त्या बोलल्या म्हणून तू इथं आहेस."

"व्हय जी, व्हय जी," मलप्पा म्हणाला आणि परत रहाटाकडे गेला. त्यानं आपली घागर काठोकाठ भरून पायरीवर ठेवली.

पाडलेल्या भिंतीतून लक्ष्मीबाई आत आली. एकटीच. तिच्या मागं तिच्या वस्तीतल्या बाया बाहेरच थबकल्या होत्या. गल्लीतल्या बायांनी घागरी जवळ ओढल्या.

"मावशी," मलप्पा खालच्या आवाजात म्हणाला, "तुमी तिकडं थांबा की. म्या हाय ना. म्या वरून ओततो."

लक्ष्मीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "तारेला हात लावला तर माणूस मरतं, ते कळलं. दोराला लावला तर काय होतंय, ते बघू दे."

ती सरळ चालत विहिरीशी गेली, दोर हातात घेतला, आणि पोहरा आत सोडला. जाताना तिचा पदर पायरीवरच्या भरल्या घागरीला निसटता लागला.

रेणुकादासांनी ते पाहिलं. मलप्पानंही पाहिलं. त्यानं क्षणभर इकडं तिकडं बघितलं, साहेबांची नजर टाळली. ज्या पाण्यासाठी तो काल तुरुंगात जायला निघाला होता, त्या पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर त्यानं उचलली आणि तापलेल्या मातीत उपडी केली.